आपल्या दुखण्याची वही कोणाजवळ?

(वर्धा जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



मला दिलेला विषय चिठ्ठीवर असा लिहून आला : 'निर्वासित आणि स्थलांतरित समाजांच्या पुढाकाराने होणारं आरोग्य-संशोधन'. एवढं नाव उच्चारेपर्यंतच जेवणाची घंटा होईल असं मला वाटलं. म्हणून मी माझ्यापुरता तो सोपा करून घेतला. जी माणसं आपलं गाव सोडून इथं पोटासाठी आली आहेत, त्यांच्या दुखण्याचा अभ्यास कोणी करायचा, त्यातले प्रश्न कोणी ठरवायचे, आणि लिहून झालेला कागद शेवटी कोणाजवळ राहायचा, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

हे आजच बोलायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. एका संस्थेने आपल्या गटांना विचारलं आहे की वीटभट्ट्यांवरच्या आणि डेऱ्यांवरच्या बायांची आरोग्य-पाहणी करून द्याल का. मोबाइलवर फॉर्म भरायचा, फॉर्ममागे पैसे मिळणार. फॉर्ममध्ये बाईचं नाव, आधार क्रमांक, फोटो, मूळ गाव, पाळी, गर्भपात, बाळंतपणं, अंगावरून जाणं, सगळं आहे. काही गटांना हे काम हवं आहे. पैशाची गरज आहे आणि ती खोटी नाही. काही जणी म्हणतात, नको. आज संध्याकाळी आपल्याला ठरवायचं आहे. तेव्हा माझं बोलणं त्या निर्णयाच्या बाजूने ऐका.

आधी ही माणसं कोण ते पाहू. आपण 'बाहेरची' म्हणून मोकळ्या होतो, पण बाहेरचीही एक नसतात. दिवाळीनंतर छत्तीसगडकडून आणि आपल्याच भंडारा-गोंदियाकडून भट्ट्यांवर कुटुंबं येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. मेळघाटातून कोरकू मंडळी सोयाबीन आणि हरभऱ्याच्या सोंगणीला खाली उतरतात. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामापुरती माणसं येतात. आणि कच्छचे रबारी, मेंढ्या-बकऱ्या आणि उंट घेऊन विदर्भात फिरणारे, त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं इथं इतकी वर्षं आहेत की त्यांच्या लेकी-सुना आपल्यासारखं मराठी बोलतात. शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो, खत मिळतं म्हणून. पण त्याच बाईला ताप आला तर गावातली आपली यादी तिला ओळखत नाही.

'निर्वासित' हा शब्द आपल्याकडे फाळणीच्या वेळचा. पुढे पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवली गेली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांना कुठल्या ना कुठल्या कागदावर जागा मिळाली, वसाहतीला नाव मिळालं. भट्टीवरच्या बाईला कोणतंच नाव नाही. ती निर्वासित नाही कारण देश बदललेला नाही, विस्थापित नाही कारण धरणात घर गेलेलं नाही, आणि रहिवासी तर मुळीच नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो, तिथे ती थबकते. मी हे पाहिलं आहे. लिहिणाऱ्याला घाई असते, तो भट्टीमालकाचं नाव घालून पुढे जातो.

आता एक जरा टोचणारी गोष्ट सांगते. आपल्या जिल्ह्याला लोकांच्या सहभागाची मोठी परंपरा आहे आणि आपल्याला तिचा अभिमान आहे. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. त्याच कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी गावांबरोबर आरोग्यविमा उभा केला. पैशाऐवजी लोक सुगीला ज्वारी द्यायचे, ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गाव ग्रामसभेत बसून ठरवायचं. इतकं शहाणपण आपल्याच मातीत होतं. पण या सगळ्याच्या मुळाशी काय आहे बघा : एका जागी बसलेलं गाव. ज्वारी द्यायला शेत पाहिजे, ग्रामसभेत हात वर करायला मतदार यादीत नाव पाहिजे. आशाताईलाही तिच्या गावाची लोकसंख्या नेमून दिलेली असते, तिचा मोबदला त्या गावातल्या कामावर. भट्टी तिच्या यादीत नाही, म्हणून भट्टीवरची गरोदर बाई तिच्या हिशेबात येत नाही. आशाताईला मी दोष देत नाही, तिला कमी पैशात जास्त राबवलं जातं हे आपण सगळ्या जाणतो. मी म्हणते आहे ते एवढंच, की आपली सगळी पुण्याई गावावर उभी आहे, आणि ज्याला गाव नाही त्याच्यापाशी ती पोचत नाही.

आणि म्हणूनच 'समाजाच्या पुढाकाराने' हे शब्द भट्टीवर नेले की फसगत होते. भट्टीवर समाज म्हणजे कोण? दहा-वीस कुटुंबं, दोन-तीन जिल्ह्यांतली, काहींची एकमेकांशी सोयरीक, काहींची तोंडओळखही नाही. त्यांना जोडणारा धागा एकच, त्यांना उचल देऊन इथं आणणारा ठेकेदार. तुम्ही जाऊन 'इथला प्रमुख कोण' विचारलंत तर तोच पुढे येतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो अगदी अदबीने वागला. "मॅडम, तुम्ही कशाला फिरता, मीच सगळ्यांना बोलावतो." खाट टाकली, चहा आला. बाया आल्या, पदर ओढून बसल्या आणि एकेक करून म्हणाल्या, "सब बने हे, दीदी." सगळं बरं आहे. त्या दिवशी तिथं कोणालाच काही दुखत नव्हतं.

भट्टीचा हिशेब काय असतो ते माहीत असल्याशिवाय हे उत्तर कळत नाही. मजुरी हजार विटांमागे. नवरा चिखल तुडवतो, बायको साच्यात घालून विटा पाडते, पोरं वाळत घातलेल्या विटा फिरवतात. पैसे जोडीला, आणि वहीत नाव नवऱ्याचं. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी, आधी घेतलेली उचल वळती करून. बाई कामाला आहे याची भट्टीच्या वहीत खूण नसते, ती आजारी पडली की मात्र दिसते, कारण विटा कमी पडतात. अशा ठिकाणी "मला अंगावरून जातं" किंवा "मला तिसरा महिना आहे" हे ठेकेदाराच्या खाटेसमोर कोण बोलणार? पुढच्या वर्षी त्या जोडीला उचल देताना तो विचार करेल ना! पोटातलं बाळ ही त्याच्या दृष्टीने तोट्याची बातमी आहे.

मग बोलणं कुठे झालं? आठवडी बाजारात. खर्ची मिळाली की बाया बाजाराला येतात. आपल्या एका बचत गटाच्या ताईचं तिथं बांगड्या-टिकल्यांचं दुकान असतं. दुकानामागे पोत्यावर बसून आम्ही बोललो, दर बाजारी थोडं थोडं. दोन भट्ट्यांवरच्या बाया आणि पुढे एक रबारी डेरा, एवढंच आमचं काम. अभ्यास म्हणावा इतकं मोठं नाही, टक्केवारी सांगता येण्याजोगं तर नाहीच, आणि मी ती सांगणारही नाही. पण त्यातून काय उलगडलं ते सांगते.

आमच्याजवळ छापील प्रश्नावली होती. 'मासिक पाळीच्या काळात कोणतं साधन वापरता?' भट्टीवरची एक तरुण बाई, आठवीपर्यंत शिकलेली, ती म्हणाली असं नाही विचारायचं, मी विचारते. तिने आपल्या बोलीत विचारलं, "कपडा कुठं वाळत घालतेस?" आणि बाया बोलायलाच लागल्या! झोपडी विटांच्या चळतीची, आडोसा नाही, समोर ट्रॅक्टर भरायला आलेले गडी. कपडा उन्हात घालता येत नाही, मग झोपडीत चुलीजवळ, तोही अर्धा वाळलेला तसाच घेतात. खाज, जळजळ, फोड. पाणी हापशावरून आणायचं, आंघोळ अंधारात. आमच्या प्रश्नाला 'कपडा' असं एका शब्दाचं उत्तर आलं असतं आणि आम्ही रकान्यात खूण करून पुढे गेलो असतो. तिच्या प्रश्नाने आडोसा, पाणी, उजेड, पुरुषांची नजर सगळं एका धाग्यात ओवलं गेलं. संशोधन तिथं झालं, आणि ते तिने केलं.

दुसरं, आम्ही बारा महिन्यांसाठी बारा खडे मांडले आणि म्हटलं, ज्या महिन्यात जास्त आजारपण त्याच्यासमोर जास्त दाणे ठेवा. माझी खात्री होती की मार्च-एप्रिलसमोर ढीग पडेल, उन्हाळा, धूळ, भट्टीचा जाळ. बायांनी दाणे ठेवले श्रावण-भादव्यासमोर. म्हणजे इथून परत गेल्यावर, आपल्या गावी. का? तर तेव्हा काम नसतं, धान्य संपत आलेलं असतं, ताप-मलेरिया असतो, आणि भट्टीची कमाई उचल फेडण्यात गेलेली असते. एक म्हातारी म्हणाली की इथं शरीर चालतं कारण चालवावं लागतं, पडतं ते घरी गेल्यावर. आता सांगा, जी पाहणी फक्त भट्टीवर होईल तिला हे कसं दिसणार? आणि जी पाहणी त्यांच्या गावात हिवाळ्यात होते तिला तर त्या घरी सापडतच नाहीत, दाराला कडी असते. मोठमोठ्या सर्वेक्षणांत घर हा मोजमापाचा पाया असतो. विटांची चळत रचून केलेली झोपडी त्यांच्या हिशेबात घर असतेच असं नाही. दोन्हीकडून ही बाई गळते.

डेऱ्यावरच्या बायांचे प्रश्न वेगळेच निघाले. त्यांनी आम्हालाच विचारले. "डॉक्टर बाई आहे का पुरुष ते आधी सांगा." आणि दुसरा, "मी दवाखान्यात भरती झाले आणि डेरा पुढं गेला तर?" चराई संपली की डेरा उठतो, तो कोणासाठी थांबत नाही. तिला आठ दिवस भरती करून घेणं म्हणजे तिला तिच्या माणसांपासून तोडणं आहे. हा प्रश्न कुठल्या फॉर्मवर आहे? डेऱ्यावरही एक मुखी असतो, पुरुष. पुढाकार समाजाचा म्हटलं की तोच बोलतो, मोकळेपणाने बोलतो, चांगला माणूस आहे. पण बाळंतपणाचं त्याला विचारून काय उपयोग?

या बाया नाव सांगायला कचरतात तेव्हा आपण 'अडाणी आहेत, घाबरतात' म्हणतो. घाबरायला कारणं आहेत. २०२२ च्या जानेवारीत शेजारच्या अमरावती जिल्ह्यात कच्छी पशुपालकांचे ५८ उंट प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून ताब्यात घेतले गेले. पिढ्यानपिढ्या उंट पाळणाऱ्यांना कोर्टात जाऊन आपले उंट सोडवावे लागले. त्यानंतर कोणी अनोळखी बाई मोबाइल काढून 'नाव काय, कुठून आलात, किती जनावरं' विचारते, तेव्हा त्यांना आपण आरोग्यवाल्या दिसू की पोलिसांच्या माणसं दिसू?

आणि आरोग्यवाल्यांचाही इतिहास स्वच्छ नाही. स्त्री-आरोग्याच्या चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा अभ्यास-प्रकल्प झाला. दहा ते चौदा वर्षांच्या मुली, खम्ममला त्यात कितीतरी आदिवासी वसतिगृहांतल्या. संमतीच्या कागदावर सह्या कोणाच्या? अनेक ठिकाणी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, २०१० मध्ये तो थांबवला गेला, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले, ते लशीमुळे झाले असं चौकशीत सिद्ध झालं नाही, आणि लस वाईट असं मी म्हणत नाही, ती उपयोगाची आहे. माझा मुद्दा सहीचा आहे. आई-बापांचं घर लांब, मुलगी परक्या छपराखाली, मग छपराचा मालकच तिच्या शरीराचा मालक झाला. भट्टीवर ठेकेदाराने "हो, हो, घ्या माहिती" म्हणणं आणि वॉर्डनने सही करणं यांत मला फरक दिसत नाही.

याचा अर्थ अभ्यासच नको, असा कोणी काढू नका. मोजलं नाही तर बाईचं दुखणं हे तिचं नशीब ठरतं. आपल्या शेजारी गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि आधी कधी अंतर्तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत सरकारला खेड्यातल्या बाईचं गर्भाशय दिसत होतं ते कुटुंबनियोजनापुरतं. त्या आकड्यांनी जगभरची भाषा बदलायला मदत केली. आणि बघा, ६५० पैकी एकीचंही नाव जगाला माहीत नाही, कोणाचा फोटो नाही. 'नाव-आधार नसेल तर आपला आकडा कोण मानणार' असं काल एक ताई म्हणाल्या, त्यांना हे माझं उत्तर.

बीडचं उदाहरण तर अगदी स्थलांतरित बायांचंच. ऊसतोडीला जोडप्याला 'कोयता' म्हणतात, दोन माणसं मिळून एक हत्यार! मुकादमाची उचल, आणि एक दिवस काम बुडलं की 'खाडा', म्हणजे दंड. पाळी आली तरी खाडा, बाळंतपणातही खाडाच. अंगावरून पांढरं गेलं की गावाकडचा खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालायचा आणि तिशीच्या आत-बाहेर पिशवी काढून टाकायचा. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून हे देशभर गाजलं, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहाजणींमागे एक. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

हा आकडा आला म्हणून सरकार हललं, हे मान्यच केलं पाहिजे. पण बीडच्या घराघरांत हे आधीच माहीत होतं. सासूची काढलेली, जावेची काढलेली. बायांना माहीत असलेली गोष्ट 'माहिती' व्हायला इतकी वर्षं का लागली? माझ्या मते कारण हे की विचारणारे डॉक्टरकडे बोट दाखवत होते आणि बाया खाड्याकडे. डॉक्टरवर नियम करता येतो. खाड्याला हात लावायचा तर कारखाना, मुकादम, उचल सगळ्यालाच हात घालावा लागतो. ज्या बाईने प्रश्न ठरवला असता तिने पहिला प्रश्न खाड्याचा घातला असता. ऊसतोड महिलांच्या संघटना आणि महिला किसान अधिकार मंच यांनी हे लावून धरलं, कारण त्या फडात जाऊन बसल्या होत्या.

बाहेरच्या देशांतही या वादातून लोक गेले आहेत. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी १९९८ साली चार गोष्टी ठरवल्या : आमच्याविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती पाहायला मिळण्याचा हक्क आणि तिचा ताबा, हे चारही आमच्याकडे. त्यांच्याकडे निदान टोळीची पंचायत आहे, जमीन आहे. आपल्या कामाच्या जास्त जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं वाटतं. तिथे सोमाली निर्वासित, लाओसमधून युद्धानंतर आलेले ह्मोंग आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं एका वस्ती-दवाखान्याच्या आधाराने एकत्र आली आणि 'सोलाह्मो' नावाचा संशोधन गट केला. प्रश्न विचारणारी माणसं त्या त्या समाजातलीच. पण ती माणसं तिथं कायमची राहायला गेली आहेत. आपल्या भट्टीवरची बाई जूनमध्ये निघून जाणार. तिच्या माहितीचा ताबा तिच्याकडे द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं? कपाट? कपाट कुठल्या गावात ठेवायचं?

यावर तोडगा बायांकडूनच निघाला, आणि तो इतका साधा आहे की संशोधन म्हणायला लाज वाटावी. एकीच्या पोराला तिकडे गावी दोन लसी टोचल्या होत्या, इथे अंगणवाडीत विचारलं तर ती म्हणाली, कार्ड दाखव. कार्ड छत्तीसगडला, घराच्या आढ्याला खोचलेलं. इथली टोचली ती वेगळ्या कागदावर लिहिली, तो कागद पावसात गेला. मग त्या म्हणाल्या, आम्हाला एक वही द्या, जी आमच्याबरोबर फिरेल. शाळेची चाळीस पानी वही, वरून प्लास्टिकची पिशवी. तिच्यात चित्रं : पोटात बाळ, सुई, रक्त कमी असल्याची खूण, गोळ्या. इथली नर्स लिहील, तिकडची मितानिन लिहील (आपली आशा तशी छत्तीसगडची मितानिन). अक्षर येत नसलं तरी चित्र कळतं. काही वह्या एक हंगाम करून परत आल्या, तिकडची अक्षरं घेऊन. काही आल्या नाहीत. ज्या बाईला गर्भपाताचं घरात सांगायचं नव्हतं तिने त्यासाठी शेवटच्या पानावर फूल काढलं. फुलाचा अर्थ तिला आणि नर्सला माहीत, बस.

आपण ज्याला अभ्यास म्हणतो तो या वह्यांतून होऊ शकतो. बाई वही दाखवेल, आपण त्यातलं नाव सोडून बाकीचं उतरवून घेऊ, वही तिची तिच्याजवळ परत जाईल. दाखवायची नसेल तर नाही दाखवणार.

आता त्या संस्थेच्या प्रस्तावाबद्दल माझं मत. सरसकट नाही म्हणू नये. फॉर्मचे पैसे आपल्या बायांच्या कामाचे आहेत, आणि आकड्यांची गरज आहे हे मी आत्ताच सांगितलं. पण आधार आणि फोटो निघाल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही. नाव एका कागदावर आणि दुखणं दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद एका हातात जाणार नाहीत. ठेकेदार, मालक, मुखी, यांच्यासमोर विचारपूस नाही, आणि त्यांना यादी दाखवणं तर नाहीच, त्यांनी कितीही मदत केलेली असो. भट्टीवरची बाई तास-दीड तास देते तेव्हा तिच्या विटा बुडतात. आपल्याला फॉर्ममागे पैसे आणि तिला मात्र चहा, हे मला पटत नाही, बुडालेल्या विटांची भरपाई तिला मिळाली पाहिजे आणि ती संस्थेने द्यावी. प्रश्नांची यादी आधी बाजारातल्या पोत्यावर जाईल, बाया जे खोडतील ते खोडायचं, जे घालतील ते घालायचं.

आणखी एक, ज्याची अशा प्रस्तावांत कधीच ओळ नसते. तपासताना एखादीला गाठ लागली, किंवा रक्त इतकं कमी निघालं की आजच्या आज सेवाग्रामला न्यायला हवं, तर गाडीभाडं कोण देणार, तिच्या तान्ह्याला कोण सांभाळणार, बुडालेली मजुरी कोण भरणार? याची सोय नसेल तर अभ्यास सुरूच करू नये. नुसतं कळून काय करायचं? तिला आधीच कळलेलं असतं.

संस्था यातलं काही मानेल, काही मानणार नाही. मला वाटतं आधारवर ती अडून बसेल, कारण वरून तसं मागितलं असणार. मग काम सोडायची आपली तयारी आहे का, हे ज्या गटांना पैशांची जास्त निकड आहे त्यांनी आधी बोलावं. त्यांच्या वतीने मी ठरवू शकत नाही. एक पर्याय मला सुचतो. काम नाही मिळालं तरी वह्यांचं काम आपण आपल्या बळावर दोन भट्ट्यांवरून पाचांवर नेऊ शकतो. वह्या, पिशव्या आणि बाजाराच्या दिवशीचं बसभाडं एवढाच खर्च आहे. पण त्यात आपल्या बायांना फॉर्मइतके पैसे मिळणार नाहीत, हेही स्वच्छ सांगते.

शेवटचं एक काम. यंदाच्या हंगामात जे सांगितलं गेलं ते त्या बायांना वाचून दाखवायचं आहे, त्यांच्या बोलीत, आणि त्यांना जे चुकीचं वाटेल ते बदलायचं आहे. मे संपत आला की भट्ट्या विझायला लागतात, हिशेब झाला की माणसं रातोरात गाडीत बसतात. म्हणून वाचन मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या बाजाराला, दुकानामागेच. छत्तीसगडी बोलू शकणाऱ्या दोघी मिळाल्या आहेत. डेऱ्यावर यायला एक गुजराती समजणारी हवी, आणि डेरा सध्या कुठे बसलाय ते आर्वीकडच्या ताईंना विचारावं लागेल. ज्या येणार असतील त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या.